नवी कंपनी येतेय ना, येऊ द्या. पण आधी डबे काढा!

परवापासून जो तो मला तेच स्क्रीनशॉट पाठवतोय. कोणीतरी नवीन कंपनी येतेय म्हणे, आपली भारतातली, एचओ स्केलमध्ये (म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी) भारतीय रेल्वेची मॉडेल्स काढणार, खेळणी नाही, खरी स्केल मॉडेल्स, आणि सोबत कम्प्युटरवर काढलेली कुठल्यातरी इंजिनाची अर्धवट चित्रं, नाक झाकलेलं. भाच्याने पुण्याहून पाठवलं, आतेभावाने इंदूरहून पाठवलं, आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने पण पाठवलं (तो माझ्या लेआउटचं, म्हणजे घरातल्या छोट्या रेल्वेच्या मांडणीचं, वायरिंग करून देतो आणि पैसे घेत नाही, म्हणून त्याचं मत मला ऐकून घ्यावं लागतं). आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, पहिलं इंजिन कुठलं असेल? विजेवरचं डब्ल्यूएपी-७ की जुनं डिझेल डब्ल्यूडीएम-२ की थेट वंदे भारत?

खरं सांगू का, मला इंजिनाचं काही पडलेलं नाही. मला डबे हवेत.

हसू नका. वर्षानुवर्षं हा छंद केलेल्या माणसाला विचारा, त्याच्याकडे इंजिनं असतात. कोणी अमेरिकन अ‍ॅल्को कंपनीच्या इंजिनाचं मॉडेल घेऊन त्याच्या चॅसिसवर (खालच्या सांगाड्यावर) आपल्या डब्ल्यूडीएम-२ ची बॉडी बसवलेली असते, कोणी सेंटी कंपनीचं प्लास्टिकचं खेळण्यातलं इंजिन घेऊन त्यात चांगली मोटर टाकलेली असते, कोणी थ्रीडी प्रिंट मारून पॉलिश पेपरने घासत बसलेलं असतं. इंजिन आपण कसंही उभं करतो हो, एकच तर करायचं असतं. पण त्यामागे लावायला काय? जर्मनीचे डबे निळे रंगवून? खिडक्यांना गज नाहीत, बोगी (डब्याखालचा चाकांचा गाडा) वेगळी, छप्पर वेगळं, लांबून बघितलं तरी कळतं की हे आपलं नाही. नवरदेव घोड्यावर बसून आला आणि मागे वऱ्हाडच नाही अशी आपल्या सगळ्यांच्या लेआउटची अवस्था आहे.

आता कंपनीच्या बाजूने बघा. इंजिन मी किती घेणार? एक. फार आवडलं तर दुसरं, ते पण नवऱ्याला न सांगता. पण डबे? एक बरी दिसणारी गाडी करायची तर आठ तरी लागतात, आणि एचओ मध्ये आयसीएफ चा (चेन्नईच्या कोच फॅक्टरीचा, आपला नेहमीचा जुना) डबा साधारण साडेचोवीस सेंटिमीटर होतो, म्हणजे इंजिन सोडून आठ डब्यांची गाडी दोन मीटरच्या आसपास बसते, घरात मावते. म्हणजे एकाच गिऱ्हाइकाला तीच वस्तू आठ वेळा विकता येते! स्टीलचा साचा कापायचा खर्च हा या धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च, प्लास्टिक स्वस्त असतं, साचा नाही, आणि एकदा कापला की तो शंभर नग काढा नाहीतर दहा हजार काढा खर्च तेवढाच. मग जी वस्तू एक माणूस एकदाच घेणार तिच्यावर आधी पैसा का ओतायचा?

आणि आयसीएफ सारखा डबा जगात दुसरा शोधून दाखवा. पेरांबूरला १९५५ पासून काढायला लागले, मूळ डिझाईन स्वित्झर्लंडच्या श्लिरेनचं, आणि शेवटचा पारंपरिक डबा निघाला जानेवारी २०१८ मध्ये. साठ वर्षांच्या वर! म्हणजे तुम्ही लेआउट १९७५ चा करा, १९९५ चा करा, २०१५ चा करा, तोच डबा चालतो, फक्त रंग बदला. आधीचा तो मरून लाल, मग नव्वदीतला निळा, मग रेल्वेच्या उत्कृष्ट योजनेचा लाल आणि बदामी. खालचा सांगाडा, बोग्या, टोकं तीच, खिडक्यांच्या पट्ट्या तेवढ्या वेगळ्या कराव्या लागतील कारण स्लीपरची खिडकी आणि थ्री एसीची खिडकी वेगळी. साच्यात तेवढा भाग बदलता येईल अशी सोय सुरुवातीलाच ठेवतात चांगले लोक. एका खर्चात दहा वर्षं माल विकता येईल की नाही सांगा.

हे मी हवेत बोलत नाहीये. आयर्लंडची अ‍ॅक्युरास्केल बघा, आज ब्रिटिश ओओ मधलं (तिकडचं १:७६ चं स्केल) मोठं नाव, त्यांनी सुरुवात कशाने केली? वॅगनने. कोळशाच्या हॉपर वॅगन, ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही पण ज्या प्रत्येकाला डझनाने लागतात. डेल्टिक इंजिन त्यानंतर आलं. तोपर्यंत लोकांना कळलं होतं की ह्यांची चाकं गोल फिरतात, छपाई सुबक असते आणि बोललेलं हे लोक देतात. मग इंजिनाचे पैसे मोजायला कोणी कुरकुर केली नाही. आपल्याकडे मात्र सगळ्यांना पहिल्याच बॉलला सिक्सर पाहिजे.

आता वंदे भारत. मला माहितीये कमेंटमध्ये हेच येणार. गाडी सुंदर आहे, आमच्या ग्वाल्हेरवरून जाते, दिल्ली-भोपाळची २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा आम्ही सगळे स्टेशनवर बघायला गेलो होतो. पण मॉडेल म्हणून विचार करा. तो पूर्ण सेट आहे, त्याचा डबा दुसऱ्या कुठल्या गाडीला लागत नाही आणि दुसरा डबा त्याला लागत नाही. सोळा डब्यांची पूर्ण गाडी एचओ मध्ये सव्वाचार मीटरच्या पुढे जाते, कोणाच्या घरात आहे एवढी जागा? मग चार डब्यांची छाटलेली काढणार, ती दिसणार बुटकी, पोरं खूष होतील, वाढदिवसाला घेतली जाईल, आणि पुढच्या वर्षी ते गिऱ्हाईक परत येणारच नाही. शिवाय वर ओव्हरहेड वायर नाही आणि पँटोग्राफ (छतावरचा वीज घेणारा दांडा) वर केलेला, ते मला तरी बघवत नाही. आमच्या इथल्या इलेक्ट्रिशियनचं मत उलट आहे, तो म्हणतो मॅडम खपणार तर तीच. खपेल, एकदा.

ग्वाल्हेरच्या माणसाला तसा या विषयावर बोलायचा थोडा जास्त हक्क आहे असं मी मानते. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरची ती चांदीची आगगाडी सगळ्यांनी बघितलीये, पाहुणे आले की आपण दाखवायला नेतोच, डब्यांवर एकेक अक्षर लिहून शिंदे नाव होतं, जेवण झालं की दारू आणि सिगार घेऊन फिरायची, सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की चालायला लागायची. माधवराव महाराजांचा शौक. पण ती बनवली कोणी हे फार लोकांना माहीत नसतं. नॉर्थहॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने. आणि ही बॅसेट-लोक त्या काळी नवीनच कंपनी होती बरं का! १८९९ च्या सुमाराला सुरू झाली, टपालाने कॅटलॉग पाठवून माल विकायची. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मालकाने जर्मन लोकांचं काम बघितलं आणि न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीकडून इंग्लिश धाटणीची इंजिनं बनवून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे डिझाईन आपलं, बनवणारा दुसरा, विकणारा आपण. आज चीनमधून माल करून घेतात म्हणून जे नाकं मुरडतात त्यांनी हे लक्षात ठेवावं, हा धंदा पहिल्यापासून असाच चाललाय. मला कुठे बनतं याने फरक पडत नाही, बनवून घेणाऱ्याला आयसीएफ ची खिडकी कशी असते ते माहीत असलं पाहिजे बस.

आणि नव्या कंपनीला हसू नये याचं दुसरं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात हॉर्नबी डब्लो म्हणजे राजा, जड धातूची इंजिनं, तीन रुळांची सिस्टिम, घट्ट टिकाऊ काम. मग पन्नाशीत ट्राय-अँग आले, प्लास्टिकचा माल, दोन रूळ, स्वस्त. जुने शौकीन म्हणाले खेळणी आहेत, काय टिकणार. १९५९ मध्ये हॉर्नबीला स्वतः दोन रुळांवर यावं लागलं आणि १९६४ मध्ये ट्राय-अँगवाल्या लाइन्स ब्रदर्सनी आख्खी मेकॅनो कंपनीच विकत घेतली, हॉर्नबीसकट. स्वस्त मालाने चांगल्या मालाला हरवलं असं मी म्हणत नाही, डब्लोच्या इंजिनाची सर ट्राय-अँगला नव्हती. पण ते पोराच्या हातात पडत होतं ना. (गंमत म्हणजे त्या लाइन्स ब्रदर्सचं पण १९७१ मध्ये दिवाळं वाजलं. मेर्कलिनसारखी १८५९ पासूनची कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली होती, मग सावरली. या धंद्यात कोणीच फार निवांत झोपत नसावं.)

स्केलवरून आता जी भांडणं सुरू झालीयेत त्यावर पण बोलते, कारण डोकं उठलंय. काही विद्वान म्हणतायत की आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, एचओ म्हणजे १:८७, भागाकार केला तर रूळ १९.३ मिलिमीटरचे पाहिजेत, आणि बाजारातला एचओ ट्रॅक १६.५ चा, म्हणजे गाडी अरुंद पायांवर उभी राहिल्यासारखी दिसेल, म्हणून नवीन कंपनीने स्वतःचा रुंद ट्रॅक काढावा. गणित बरोबर आहे हो. पण मग पॉइंट (रूळ बदलायचे सांधे) कोण देणार, क्रॉसिंग कोण देणार, ज्याने आधीच खोलीभर पेको कंपनीचा तयार ट्रॅक ठोकलाय त्याने काय करायचं, उखडायचा? कोणी म्हणतं मग १:१०० च्या आसपास स्केल घ्या म्हणजे १६.५ चा ट्रॅक ब्रॉडगेज होतो. आणि मग स्टेशनं, माणसं, झाडं, सगळं नव्याने? इंग्रज लोक गेली ऐंशी-नव्वद वर्षं ओओ चालवतायत, १:७६ ची गाडी त्याच १६.५ च्या रुळावर, चुकीचं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, तरी छंद चालू आहे. १:८७, १६.५, विषय संपला. ज्याला १९.३ पाहिजे त्याने एक्सल बदलून घ्यावे, कंपनीने फक्त चाकं काढता येतील अशी बसवावीत म्हणजे झालं.

पैशाचं. बाहेरून मागवणं आता परवडत नाही हे सगळ्यांना माहितीये. खेळण्यांवरची ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०, आणि आपली स्केल मॉडेल्स कस्टमवाल्यांच्या हिशोबाने खेळण्यांच्याच खात्यात मोडतात. त्यात २०२१ पासून बीआयएस चं, म्हणजे सरकारी दर्जाचं, सर्टिफिकेट. आमच्यासारख्यांना त्रास झाला, मी पण खूप शिव्या घातल्या होत्या. पण देशात कोणी नवीन येणार असेल तर त्याला ही भिंत फायद्याची आहे हे पण मान्य करायला पाहिजे. फक्त भिंतीच्या आड बसून त्याने आपल्यालाच लुटू नये. एका डब्याची किंमत चार आकड्यांत राहू दे, आणि त्यातल्या पण खालच्या बाजूला, तर लोक दर महिन्याला एक-एक घेतील. मी घेईन, भिशीच्या पैशातून.

आणि आगाऊ पैसे मात्र मी देणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागे एका माणसाने असंच बुकिंग घेतलं होतं, नाव लिहीत नाही, सुंदर चित्रं दाखवली, अर्धे पैसे घेतले, मग साचा चाललाय, मग कोविड, मग घरात आजारपण, मग फोनच बंद. त्यामुळे आता चित्रावर मी भाळत नाही. साच्यातून निघालेला पहिला नमुना दाखवा, रंग न लावलेला चालेल, राखाडी चालेल, तोच जास्त खरा असतो. तो रुळावर चालताना व्हिडिओ दाखवा. मग टोकन घ्या. इंग्लंडात सुद्धा हॅटन्ससारखं १९४६ पासूनचं दुकान २०२४ च्या जानेवारीत बंद करतोय म्हणून जाहीर झालं, पण त्यांनी नीट सांगून, माल विकून, शिस्तीत आवरलं. आपल्याकडे ती पद्धत यायला वेळ आहे.

इंजिन काढाल तेव्हा (काढालच, मला माहितीये) दोन गोष्टी. एक, सुटे भाग. गिअर तुटला तर गिअर मिळाला पाहिजे, पूर्ण इंजिन कपाटात ठेवायला लावू नका. दोन, चॅसिसची धातू. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली तर काही वर्षांनी चॅसिस आपोआप फुगतो, तडे जातात, भुगा होतो, युद्धाआधीची कितीतरी जुनी मॉडेल्स अशी कपाटात बसल्या बसल्या मेलीयेत. ओतकाम करणाऱ्याला शुद्ध माल वापरायला लावा, तिथे दहा रुपये वाचवू नका.

नॅरोगेजबद्दल मी मुद्दाम काही मागत नाही. आमची श्योपुरकलांची दोन फुटी गाडी, दोनशे किलोमीटरला थोडीशी कमी, २०२० मध्ये बंद पडली, तिच्या जागी ब्रॉडगेज करायला घेतलं. तिचं मॉडेल कोणी काढलं तर मी आंधळेपणाने घेईन, पण मला पण कळतं की ग्वाल्हेर, मुरैना आणि श्योपुर सोडून ते घेणार कोण. आणि छतावर बसलेली एवढी माणसं कोण रंगवणार! ते माझं मीच करीन, थ्रीडी प्रिंट मारून, हळूहळू.

तेव्हा ज्या कोणाची त्या कंपनीत ओळख असेल त्यांनी हे पुढे पाठवा. यादी मी देते: स्लीपर चार, जनरल दोन, निळ्या रंगात, १९९५-२००५ च्या काळातले. आणि हात जोडून सांगते, एसएलआर विसरू नका. सगळे उत्साहाने स्लीपर आणि एसी काढतात आणि गार्डचा डबा राहून जातो, मग गाडीला शेपूटच नाही. एका गाडीला दोन लागतात, पुढे एक मागे एक, दोन्ही द्या.