भिवंडीच्या गाळेवाल्यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: स्प्रिंकलरचं गणित शेडवरून की मालावरून?

नमस्कार गाळेवाले साहेब,

तुम्ही नाव न देता 'भिवंडीचा एक गाळेवाला' अशी सही केलीत, म्हणून हीच हाक मारतो. गोदामातला माल बदलला की छताखालचे जुने स्प्रिंकलर (आगीवर पाणी सोडणारे फवारे) नुसते शोभेचे उरतात, अशा अर्थाच्या 'शोभेचे स्प्रिंकलर' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचून चिडलो, दुसऱ्यांदा वाचताना कॅल्क्युलेटर काढला.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. तुमचं म्हणणं असं की माझ्यासारखे लोक अमेरिकेचा कोड दाखवून मालकांना घाबरवतात. तुमच्या शेडला १४ वर्षं एनओसी आहे, जानेवारी-जुलैला फॉर्म ब (आगीची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला) वेळेवर जातो, आग एकदाही लागलेली नाही. स्प्रिंकलर उडाले तर आगीपेक्षा पाण्यानेच भाडेकरूचा माल जाईल. मी दिलेला टाकीचा आकडाच चुकलेला आहे. आणि शेवटी, 'मग काय शेड पाडू का?'

आकड्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात आणि मी चूक. मी लिहिलं होतं की साडेसात मीटरपर्यंत रॅक आणि नऊ मीटरच्या आसपास छप्पर असलेल्या शेडमध्ये, खोक्यांतल्या प्लॅस्टिकच्या मालासाठी ईएसएफआर (लवकर उडून भरपूर पाण्याने आग दाबून टाकणारे स्प्रिंकलर) बसवले तर २ लाख ७२ हजार लिटर पाणी लागेल. के-२०२ चं हेड (हेड म्हणजे स्प्रिंकलरचं तोंड, के म्हणजे त्यातून किती पाणी सुटतं त्याचा आकडा) साडेतीन बार दाबाला मिनिटाला ३७८ लिटर सोडतं. अशी १२ हेड एका वेळी उडाली असं धरायचं, आणि तासभर पाणी पुरवायचं. ३७८ गुणिले १२ गुणिले ६० केलं आणि मोकळा झालो. होज विसरलो. अग्निशमन दल येऊन त्याच टाकीवर पाइप जोडणार, त्याचे मिनिटाला ९५० लिटर धरावेच लागतात. म्हणजे आणखी ५७ हजार. एकूण ३ लाख २९ हजार लिटर. शिवाय पंपाच्या जवळच्या हेडला दाब जास्त मिळतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही थोडं जास्तच. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल मनापासून आभार. फक्त शेठ, दुरुस्तीनंतर टाकी मोठीच झाली, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

आता 'अमेरिकेचा कोड' या आरोपाकडे. तुमच्या शेडचं डिझाइन 'मॉडरेट हॅझर्ड'चं, म्हणजे मध्यम धोक्याचं, आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे विमा क्षेत्रातल्या टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटीच्या जुन्या नियमांमधला आपला नेहमीचा आकडा: दर चौरस मीटरला मिनिटाला ५ लिटर, ३६० चौरस मीटरवर. सगळं मिळून मिनिटाला १,८०० लिटर. ईएसएफआरचं एक हेड जास्तीत जास्त ९.३ चौरस मीटर सांभाळतं, म्हणजे त्याच्याखालच्या प्रत्येक चौरस मीटरवर मिनिटाला ४० लिटर पडतात. ५ कुठे, ४० कुठे! पहिल्यांदा हा फरक पाहणाऱ्याला वाटतं, कोणीतरी विकायला बसलंय. पण हे दोन आकडे वेगळ्या कामांसाठी आहेत. ५ चा आकडा म्हणतो की आग फार पसरू देऊ नका, शेजारचा माल ओला ठेवा, बंब येईपर्यंत धरून ठेवा. ४० चा आकडा म्हणतो, आग लहान आहे तोवरच तिच्या मुळावर पाणी ओता.

आणि ५ चा आकडा कुठवर चालतो हे ठरवायला अमेरिकेला जावंच लागत नाही. आपल्या आयएस १५१०५ या स्प्रिंकलरच्या भारतीय मानकातसुद्धा मालाचा प्रकार आणि रचलेल्या मालाची उंची पाहून वरची वर्गवारी लावायला सांगितलंय. ती पानं कोणी उघडत नाही एवढंच. एनएफपीए १३ हा अमेरिकेचा स्प्रिंकलरचा कोड मी वापरतो कारण त्यात रॅकचे तक्ते सविस्तर आहेत आणि मोठे भाडेकरू तेच मागतात. कोणाला आयएसवरच करायचं असेल तर माझी काही हरकत नाही. मात्र उंची टेपने मोजा, कागदावरून घेऊ नका.

तुमच्या प्रतिक्रियेत मला सगळ्यात खटकलेली ओळ वेगळीच आहे: 'शेड तीच आहे, पाइप तेच आहेत, मग आता अचानक धोका कुठून आला?'

एक जुनं काम सांगतो. माझंच. ठाणे जिल्ह्यातली शेड, भाडेकरू टाइल्स आणि सॅनिटरी वेअरचा. लाकडी पॅलेटवर टाइल्सची खोकी, दोन पॅलेट एकावर एक, साडेतीन मीटरच्या आत. यात जळणार काय? पुठ्ठा आणि लाकूड. मॉडरेट हॅझर्डचं डिझाइन मीच सही करून दिलं आणि ते बरोबर होतं. तीन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्या आवारात गेलो, तर टाइलवाला गेलेला. आत साडेसात मीटर उंच रॅक, त्यावर प्लॅस्टिकच्या बादल्या, मुलांच्या खुर्च्या, फोमच्या उशा, आणि सगळं स्ट्रेच फिल्ममध्ये गुंडाळून निळ्या प्लॅस्टिक पॅलेटवर. वर मान करून पाहिलं तर माझेच पाइप, माझीच हेड, रायझरवर (पाणी वर नेणाऱ्या मुख्य उभ्या पाइपवर) माझीच पाटी. एक किलो लाकूड जळून साधारण १८ मेगाज्यूल उष्णता देतं, एक किलो पॉलिथिलीन ४६. त्यात प्लॅस्टिक वितळून खाली थेंब पडतात आणि खालचा थर पेटवतात. पॅलेट प्लॅस्टिकचे असले तर एनएफपीए मालाची वर्गवारी एक पायरी वर नेते, पॅलेटमध्ये मजबुतीसाठी फायबर वगैरे घातलेलं असेल तर दोन पायऱ्या. मालक म्हणाला, 'तुम्हीच तर पास केलंय.' काय बोलणार?

त्याला सांगितलं, निदान या ओळींतला माल साडेतीन मीटरच्या वर नेऊ नका. त्याने ऐकलं. रॅकच्या खांबांवर त्या उंचीला पिवळ्या रंगाची पट्टी मारून घेतली. चार महिन्यांनी परत गेलो तर पट्ट्या दिसेनात. शोधल्यावर एका खोक्यामागे सापडली, आणि त्या खोक्यावर आणखी चार खोकी होती.

तेव्हा रॅकमध्ये हातही घालून पाहिला. पॅलेटच्या दोन ओळी पाठीला पाठ लावून असतात, त्यांच्यामध्ये अर्ध्या फुटाची उभी फट हवी, आणि शेजारच्या दोन पॅलेटमध्येही. हिला फ्लू स्पेस म्हणतात. पाहणाऱ्याला ती वाया गेलेली जागा वाटते. माथाडी भाऊ माल आत ढकलताना शेवटचा धक्का देतात आणि पलीकडची पेटी फटीत सरकते. पण पेटलेल्या रॅकमध्ये गरम हवा याच फटीतून सरळ वर जाऊन वरचं हेड लवकर उडवते, आणि वरून पडलेलं पाणी याच फटीतून खालच्या थरापर्यंत उतरतं. फट बुजली की आग आडवी पसरते, हेड उशिरा उडतं, उडतं ते भलतीकडचं, आणि पाणी वरच्या खोक्यांवर पडून बाजूने ओघळून जातं. त्या दिवशी मी सहा ठिकाणी हात घालायचा प्रयत्न केला. दोन ठिकाणी बोटं गेली, चार ठिकाणी नाही. तिथे ४० काय, ८० लिटर ओतले असते तरी खालच्या थराला किती मिळालं असतं?

तुम्ही म्हणता, स्प्रिंकलर असून गोदाम जळाल्याचं एक तरी उदाहरण द्या. २१ जून १९८२, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या फॉल्स टाउनशिपमधलं केमार्टचं वितरण केंद्र. १० लाख चौरस फुटांहून मोठं, आगरोधक भिंतींनी विभागलेलं, स्प्रिंकलर असलेलं. कार्ब्युरेटर क्लीनरच्या एरोसोल डब्यांपासून आग सुरू झाली. ते डबे फुटून पेटते बाण उडावेत तसे सुटले, भिंतींमधली दारं पुरती बंद व्हायच्या आत पलीकडच्या भागात पोचले, आणि अख्खं केंद्र गेलं. स्प्रिंकलर चालू नव्हते असं नव्हे. ते त्या मालासाठी मोजलेले नव्हते. पुढे एरोसोलच्या साठ्यासाठी एनएफपीए ३०बी हा वेगळा कोडच आला. तुमच्या भाडेकरूच्या यादीत 'डिओ, रूम फ्रेशनर' असं मी वाचलं, म्हणून हे इतकं लांबवलं. ते डबे आजच जाळीच्या बंद पिंजऱ्यात, बाकीच्या मालापासून वेगळे ठेवा. त्यासाठी कोणत्याही सल्लागाराची गरज नाही.

एनओसीबद्दल थोडक्यात. २००६ च्या महाराष्ट्र अधिनियमाखालचा फॉर्म ब सांगतो की यंत्रणा नीट राखलेली आणि चालू स्थितीत आहे. पंप सुरू होतो, व्हॉल्व्ह उघडा आहे, घंटा वाजते. जुलैमध्ये रॅकवर काय माल होता, ते त्या कागदावरून कळत नाही. १४ वर्षं आग लागली नाही, हे तुमचं नशीब आणि तुमच्या वायरमनचं कौतुक.

पाण्याची भीती मला समजते, पण ती सिनेमातली आहे. धूर झाला की सगळ्या छतातून पाऊस, असं होत नाही. प्रत्येक हेडमधला काचेचा बल्ब त्याच्यापाशी पोचलेल्या उष्णतेनेच फुटतो. लाल बल्ब ६८ अंशांना, हिरवा ९३ ला. (जाता जाता, आपल्या उघड्या पत्र्याखाली लाल बल्बची हेड लावलेली दिसली तर कंत्राटदाराला विचारा. ६८ अंशांच्या हेडसाठी छताजवळ ३८ अंशांच्या वर तापमान जाऊ नये असा नियम आहे. मे महिन्यात भिवंडीच्या पत्र्याखाली ३८?) आगीवरची चार-सहा हेड उडाली तर तेवढ्याच रॅकचा माल भिजतो. एरवी बंबाचे होज ते काम करतात, कित्येक तास, सगळ्या शेडभर.

'कमिशन किती मिळतं?' या प्रश्नाचं उत्तर शून्य आहे. मी डिझाइनचे पैसे घेतो, माल विकत नाही. तुम्हाला पटणार नाही हेही माहीत आहे, असू दे.

आता शेड पाडायचा प्रश्न. नका पाडू. तुम्ही लिहिलेल्या मापांवरून मला तीन वाटा दिसतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे प्लॅस्टिकचा माल जमिनीवर आणि कमी उंचीला, रॅकवर फक्त न जळणारा माल, आणि भाडेकरारात उंचीचं कलम. भाडेकरू ते पाळेल का, हे तुम्ही जाणता. पिवळ्या पट्टीची गोष्ट वर सांगितलीच. दुसरी वाट, रॅकच्या आत मधल्या पातळीवर स्प्रिंकलर. पाणी कमी लागतं, आहे त्या टाकीत कदाचित बसेल, पण फोर्कलिफ्टवाला महिन्याभरात एखादं हेड तोडतोच, त्यामुळे संरक्षक पिंजरे आणि शिस्त दोन्ही हवी. तिसरी वाट ईएसएफआर. त्यात के-३६० ची हेड घेतली तर याच उंचीला दीड बारच्या आतबाहेर दाब पुरतो. पाणी मिनिटाला ५,१०० लिटरच्या आसपास, म्हणजे थोडं जास्त, पण हेडपाशी लागणारा दाब निम्म्याहून कमी. पंप आणि डिझेल इंजिन आटोक्यात येतं, टाकी मात्र वाढते. ईएसएफआर हेडच्या पाण्याच्या वाटेत दिव्यांची रांग, केबल ट्रे, डक्ट आडवे आले तर सगळा खर्च पाण्यात. मालाच्या माथ्यापासून हेडपर्यंत तीन फूट मोकळी जागा लागते. तुमच्या फोटोत टर्बो व्हेंटिलेटरखाली लटकणारे दिवे दिसतात, ते आधी हलवावे लागतील.

यातली कोणती वाट परवडेल हे प्रतिक्रियेवरून सांगणं बरं नाही. दोन फोटो पाठवा. एक रायझरवरच्या धातूच्या पाटीचा, जिच्यावर डिझाइनची घनता, क्षेत्रफळ आणि दाब कोरलेला असतो. पाटी नसेल तर तसं कळवा, मग पंपाच्या नेमप्लेटवरून आणि पाइपच्या मापांवरून उलटं गणित मांडू. दुसरा फोटो रॅकच्या टोकाला उभं राहून, दोन ओळींमधली फट दिसेल असा. शक्यतो माल भरलेला असताना, सोमवारी सकाळी, कोणालाही आधी न सांगता.