हिरोशिमा दिनाला भाषण नंतर, आधी आपल्या गावाचा नकाशा

6 ऑगस्ट जवळ आला की ठिकठिकाणी तयारी सुरू होते. शाळेची फेरी, "युद्ध नको, बुद्ध हवा" लिहिलेले पुठ्ठे, पाहुण्यांचं पाऊण तासाचं भाषण, शेवटी आभारप्रदर्शन. पावसात भिजलेली मुलं घरी जातात आणि विषय पुढच्या ऑगस्टपर्यंत संपतो. हे करणारी माणसं तळमळीची असतात, म्हणूनच स्पष्ट लिहितो. या कार्यक्रमांतून हिरोशिमा जपानमध्येच राहतं. दूरच्या देशातली, जुनी, वाईट वाटण्यासारखी गोष्ट. ती आपल्या पेठेत, आपल्या एसटी स्टँडवर येत नाही तोवर युद्धविरोध हा फक्त सुविचार राहतो.

ती गोष्ट आपल्या गावात आणण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे नकाशा.

हिरोशिमावरचा बॉम्ब जमिनीपासून साधारण 600 मीटर उंचीवर फुटला. ताकद सुमारे 15 किलोटन, म्हणजे 15 हजार टन टीएनटी स्फोटकाइतकी. त्याच्या खालच्या बिंदूपासून साधारण 2 किलोमीटरच्या आतला जवळजवळ सगळा भाग जळून भुईसपाट झाला. ही 2 किलोमीटरची त्रिज्या धरायची. आपल्या शहराचा नकाशा ए-थ्री कागदावर छापून घ्या. कोपऱ्यातली मापाची रेघ छापील कागदावर आलीच पाहिजे. तिच्यावर पट्टी ठेवून 2 किलोमीटर म्हणजे किती सेंटिमीटर ते काढा. 1:25,000 चा नकाशा असेल तर बरोबर 8 सेंटिमीटर. दोरा त्या मापाचा घ्या, एक टोक टाचणीला, दुसरं पेन्सिलीला, आणि वर्तुळ काढा.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, वर्तुळ काढल्यावर तोच नकाशा झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून घेतात आणि खाली "1:25,000" हा आकडा तसाच ठेवतात. मोठ्या कागदावर तो खोटा ठरतो. छापील रेघ नकाशाबरोबर वाढते, म्हणून भरवसा रेघेवर ठेवा. दुसरी, रस्त्याने 2 किलोमीटर मोजतात. रस्ते वळतात, त्यामुळे वर्तुळ लहान येतं. अंतर सरळ रेषेतच घ्यायचं.

मध्यबिंदू कुठला, यावरून वाद होतो. मंदिर, मशीद, पुतळा अजिबात नको. पहिला अर्धा तास त्यावरच जाईल. एसटी स्टँड किंवा बाजारपेठेचा चौक घ्या. पुण्याचं उदाहरण घ्या. शनिवारवाडा मध्यबिंदू धरला तर डेक्कन जिमखाना सहज आत येतो, स्वारगेट काठावर येतं, आणि ससून रुग्णालय आत येतं. ससूनपाशी सगळ्यांनी थांबायचं. हिरोशिमातले 90 टक्क्यांहून जास्त डॉक्टर आणि परिचारिका त्या सकाळी मेले किंवा जखमी झाले. म्हणजे जळालेल्याला न्यायला जागाच उरली नाही. म्हणून मुलांना वर्तुळात घरं शोधायला लावण्याआधी चार गोष्टी लाल पेनने खूण करायला लावा: सरकारी दवाखाना, रक्तपेढी, अग्निशमन केंद्र, पाण्याची टाकी. घर ती आपणहून शोधतात, सांगावं लागत नाही. 7 मे 2025 ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, अनेक शहरांत भोंगे वाजले. त्या भोंग्यानंतर आपण नेमकं कुठे जाणार होतो, हेही याच नकाशावर विचारता येतं.

आता वेळ. हिरोशिमात बॉम्ब पडला तेव्हा तिथल्या घड्याळात सकाळचे 8:15 झाले होते. आपल्याकडे त्या क्षणी पहाटेचे 4:45 असतात. आपल्या घड्याळातल्या सव्वाआठला मौन पाळलं तर बिघडत नाही, पण तो क्षण साडेतीन तासांपूर्वीच होऊन गेलेला असतो, हे मुलांना सांगा. त्यापेक्षा माझा आग्रह 9 ऑगस्टसाठी आहे. नागासाकीत 11:02 ला बॉम्ब पडला, आपले 7:32. शाळेच्या परिपाठाची वेळ! मुलं नीट जागी असतात, तिकडेही त्याच क्षणी मौन चालू असतं, आणि त्या दिवशी आपल्याकडे क्रांतिदिन असतो. ग्वालिया टँकचं 1942 आणि नागासाकीचं 1945 एकाच सकाळी मांडायला हरकत काय? नागासाकी तसंही विसरलं जातं. त्या दिवशी विमानाचं पहिलं लक्ष्य कोकुरा होतं. ढग आणि धुरामुळे खालचं दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. ऑगस्टच्या आपल्या भरून आलेल्या आभाळाखाली हे सांगितलं की वेगळं शिकवावं लागत नाही.

9 तारखेची एक अडचण आहे. क्रांतिदिन आणि आदिवासी दिन दोन्ही त्याच दिवशी, त्यामुळे मैदानं आणि चौक आधीच गेलेले असतात. जागा जुलैच्या मध्यालाच मागा.

परवानगीचं थोडक्यात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश अनेक जिल्ह्यांत पंधरा-पंधरा दिवसांनी निघत असतात, आणि पाच माणसं जमली तरी ती तांत्रिकदृष्ट्या बेकायदा ठरू शकतात. म्हणून शांत बसणार असलात तरी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. तारीख, वेळ, जागा, अंदाजे संख्या, फेरी असेल तर मार्ग, ध्वनिक्षेपक आहे की नाही, आणि दोन जबाबदार माणसांचे नंबर. किमान आठ-दहा दिवस आधी, दोन प्रतींत. एका प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. "साहेब बाहेर गेलेत, अर्ज ठेवून जा" यावर विसंबलेले कार्यक्रम ऐन वेळी रद्द होतात. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, त्यामुळे पहाटे 4:45 चा कार्यक्रम आवाजाशिवायच करायचा. तो तसाच जास्त चांगला होतो. अर्जात विषय खरा लिहा. "सांस्कृतिक कार्यक्रम" लिहून आत युद्धविरोधी फलक निघाले, तर पुढच्या वर्षी दार बंद होतं.

कागदी करकोचे करायचेच असतील तर हिशोब करून करा. सादाको सासाकी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती, 1955 मध्ये बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिच्यामुळे हजार करकोच्यांची प्रथा जगभर गेली. ए-फोरचा कागद आडवा मधोमध कापला की दोन तुकडे होतात, आणि प्रत्येकातून 14.8 सेंटिमीटरचा चौरस निघतो. म्हणजे 500 कागदांची एक रीम बरोबर हजार चौरसांना पुरते, वाया जाणाऱ्यांसाठी 50 कागद जास्त धरा. घोटीव कागद दिसायला छान, पण घडीवर रंग उडून पांढरी रेघ पडते. वर्तमानपत्र मानेपाशी फाटतं. चौरस दोन मिलिमीटरने जरी चुकला तरी चोच तिरकी येते, म्हणून कापणं मुलांवर सोपवू नका, कटिंग मशीनवर करून घ्या. घडी अडते ती एकाच जागी: चौकोनी घडीचा वरचा थर उचलून लांब पाकळीसारखा उघडायचा असतो तिथे. त्याआधी दोन्ही कडा मधल्या रेषेला दुमडून, वरचा त्रिकोण खाली मोडून, परत उघडून ठेवायचं. या खुणा नीट पडल्या असतील तर पाकळी आपणहून उघडते. पहिल्या तासिकेत एका मुलाचा एकच करकोचा होतो, हात बसला की चार मिनिटांत एक. हजार गुणिले चार म्हणजे 66 तासांहून जास्त काम. 40 मुलांत वाटलं तर प्रत्येकी 25. मग 40-40 च्या 25 माळा करा. आदल्या रात्री दोन शिक्षिकांनी बसून पाचशे करायचे असतील, तर करकोचे नकोच.

दिवे नदीत सोडण्याबद्दल मात्र ठाम सांगतो: सोडू नका. हिरोशिमात ते 6 ऑगस्टच्या संध्याकाळी नदीत सोडतात, पण आपल्याकडे ऑगस्टमध्ये नदी दुथडी असते आणि धरणातून विसर्ग कधी वाढेल याचा नेम नसतो. घाटावर शंभर मुलं उभी करून ही जोखीम घेण्यात काही अर्थ नाही. मोठी घमेली किंवा हौद पुरतो. थर्माकोल नको. केळीच्या खांबाचे पाच सेंटिमीटर जाडीचे काप छान तरंगतात. वर पणती, दोन चमचे तेल, चार काड्यांवर बटर पेपरची 15 सेंटिमीटर उंच भिंत. कागद ज्योतीपासून चार बोटं लांब हवा, नाहीतर पहिल्याच झुळकीला पेटतो. शेजारी पाण्याची बादली ठेवा.

आता सगळ्यात अवघड भाग. कोणीतरी येऊन म्हणणारच, "तिकडे सीमेवर जवान मरतायत आणि तुम्ही शांततेच्या गप्पा मारताय." मे 2025 नंतर तर हे जास्त ऐकू येतं. स्वयंसेवकांना आधी सांगून ठेवा, रस्त्यावर वाद घालायचा नाही. पण प्रश्न टाळायचाही नाही. जपानसाठी हळहळणं सोपं आहे. 1998 च्या मे महिन्यात 11 आणि 13 ला आपण पोखरणला, 28 आणि 30 ला पाकिस्तानने बलुचिस्तानात चाचण्या केल्या. 2025 च्या सुरुवातीला दोघांकडे प्रत्येकी 170 ते 180 अण्वस्त्रं असल्याचा सिप्री या स्टॉकहोममधल्या शांतता संशोधन संस्थेचा अंदाज होता. हे न बोलता पाळलेला हिरोशिमा दिन मला अर्धवट वाटतो.

आणि जवानांचं म्हणाल, तर सातारा, रत्नागिरी, पुणे या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत त्याचं उत्तर भिंतीवरच बसवलेलं आहे. चावडीवर, वेशीत किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. इंग्रजीत कोरलेलं: या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, 1914 ते 1919, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकही नाही, फक्त आकडा. बऱ्याच पाट्यांवर चुन्याचे किंवा ऑइल पेंटचे थर चढलेत. तुमच्या गावात ती असेल तर कार्यक्रम तिथेच घ्या. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस. ॲसिड, तारेचा ब्रश, अक्षरांत रंग भरणं, काही नको. अक्षरं दिसत नसतील तर अंधारात बाजूने टॉर्च धरा, सावलीने उठून दिसतात. बटर पेपर लावून मेणाच्या खडूने आडवं घासलं की पाटीचा ठसा कागदावर येतो. मुलं हे तासभर तल्लीन होऊन करतात. गावातल्या निवृत्त जवानाला बोलवा, पण शाल-श्रीफळासाठी नको. आकडा त्यांना वाचू द्या. युद्ध काय असतं ते त्या गर्दीत त्यांनाच ठाऊक असतं, आणि त्यांच्यासमोर सहसा कोणी आवाज चढवत नाही.

आकड्यामागची नावं शोधता येतात. मराठा पलटणींतले पुष्कळ जण सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले. तिथे कुत-अल-अमाराला तुर्की सैन्याने त्यांना घातलेला वेढा एप्रिल 1916 मध्ये त्यांच्या शरणागतीने संपला, आणि मग कैद. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांची फक्त संख्या. युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने 2021 मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली. त्यांच्या संकेतस्थळावरची नोंदवही सगळ्यांसाठी खुली आहे. तिथे अनेक शिपायांच्या नोंदीत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. शोधताना स्पेलिंग त्या काळच्या साहेबाच्या कानाने करा. शिंदेचं सिंदे, पवारचं पोवार, गावाच्या नावाचं तर काहीही. गाव सापडत नसेल तर आधी तालुका टाका, मग पलटण, आणि यादी एकेक करून वाचा. दहावीतल्या चार मुलांना दिवाळीच्या सुट्टीत हे काम द्या. पाटीवरच्या आकड्याइतकी नावं बहुधा मिळणार नाहीत, पण जितकी मिळतील तितकी गावातल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवा, कोण कुणाचं ते तेच सांगतील. मग पुढच्या 9 ऑगस्टला 7:32 च्या मौनाआधी पाहुण्यांच्या भाषणाऐवजी ती यादी वाचा.