बॉक्सवर '५८०' छापलं म्हणून आतलं कार्ड ५८० होत नाही

रविवारी सकाळी भाच्याचा मेसेज आला. "मामा, हे वाच आणि लगेच सांग. साडेसात हजार पाठवू का? विकणारा म्हणतोय संध्याकाळपर्यंतच ठेवतो." खाली एक लांबलचक फॉरवर्ड. हाच फॉरवर्ड त्या आठवड्यात माझ्याकडे तिसऱ्यांदा आला होता. पहिल्या दोन वेळा मी काही न बोलता सोडून दिला, आणि ते चुकलंच. आता पोराने शिकवण्या घेऊन जमवलेले पैसे त्याच्या भरवशावर निघाले होते, म्हणून सगळं लिहून काढतोय.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. दहा हजारांच्या आत गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तर डोळे झाकून एएमडी कंपनीचं आरएक्स ५८०, ८ जीबी घ्या. '२०४८ एसपी' लिहिलेलं आणि साधं ५८० एकच, फरक फक्त नावाचा. ८ जीबी असल्यामुळे ते एनव्हिडिया कंपनीच्या ६ जीबीच्या जीटीएक्स १०६० कार्डापेक्षा तीस टक्के जास्त पळतं. १०६०च हवं असेल तर ३ जीबीचं घ्या, चिप तीच असते. मायनिंगची (क्रिप्टो-चलन कमावण्यासाठी रात्रंदिवस चालवलेली) कार्डं एकाच तापमानावर चाललेली असतात, त्यामुळे नव्यासारखी. एनव्हिडियाने १०६०चा सपोर्ट बंद केला, एएमडीचा चालू आहे. आणि कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, दोन्ही चालतात, कार्डाला लागणारी पिन त्यात नसेल तर शंभर रुपयांचा कन्व्हर्टर लावा.

यातल्या '२०४८ एसपी'च्या वाक्याने सर्वांत जास्त लोकांचे पैसे बुडतात, म्हणून सुरुवात तिथून.

एएमडीने आरएक्स ५८० आणि आरएक्स ५७० एकाच दिवशी बाजारात आणली, १८ एप्रिल २०१७ला. दोन्हींत पोलारिस नावाची चिप तीच. पण ५८०मध्ये तिचे ३६ कंप्युट युनिट चालू असतात आणि ५७०मध्ये ३२. प्रत्येक युनिटमध्ये ६४ स्ट्रीम प्रोसेसर (चित्राची गणितं करणारे छोटे भाग), म्हणजे ५८०कडे २३०४ आणि ५७०कडे २०४८. मेमरीही ५७०ची थोडी सावकाश, सेकंदाला २२४ गिगाबाइट, तर ५८०ची २५६. हे माझ्या पदरचं नाही. एएमडीच्या स्वतःच्या स्पेसिफिकेशनमध्ये ५८०समोर ३६ युनिट, २३०४ स्ट्रीम प्रोसेसर आणि १८५ वॅट असं स्वच्छ लिहिलेलं आहे. ज्यांना माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही त्यांनी फक्त ते पान उघडावं. या वादात दुसऱ्या पुराव्याची गरजच पडत नाही.

ऑक्टोबर २०१८मध्ये एएमडीने चीनच्या बाजारासाठी 'आरएक्स ५८० २०४८ एसपी' नावाचं कार्ड काढलं. एसपी म्हणजे स्ट्रीम प्रोसेसर. आकडा परत वाचा: २०४८. हे ५७० आहे, त्यावर ५८०चं नाव चढवलंय. असं नाव ठेवून कंपनीनेच हा घोळ सुरू करून दिला याचा मला आजही राग येतो, कारण आज आपल्याकडे 'नवं ५८०, ८ जीबी, सीलपॅक' म्हणून स्वस्तात जे फिरतंय त्यातला मोठा माल हाच आहे. त्यातल्या काहींमध्ये तर जुन्या कार्डावरून काढलेली चिप नव्या बोर्डावर बसवलेली असते. पंखे चकचकीत, खोका कोरा, आणि आतला जीव आठ वर्षं जुना.

नऊ भागांतला एक भाग कमी, एवढंच ना, असं कोणी म्हणेल. ५७० मुळीच वाईट कार्ड नाही. ५७०च्या भावात ५७० म्हणून कोणी घेतलं तर मी अडवणार नाही. पण भाच्याकडून ५८०चे पैसे मागितले जात होते, आणि वर त्याला 'फरक फक्त नावाचा' असं शिकवलं जात होतं.

मी त्याला एकच काम सांगितलं: विकणाऱ्याकडून जीपीयू-झेडचा (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) स्क्रीनशॉट मागव आणि 'शेडर्स'समोरचा, म्हणजे स्ट्रीम प्रोसेसरचा, आकडा बघ. २३०४ असेल तर पुढे बोलू. वीस मिनिटांनी फोटो आला. २०४८. पोराने विचारलं तर उत्तर मिळालं, "सगळे असेच असतात भाऊ." नाही, सगळे असे नसतात. कार्डाचं नाव त्याच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्डातच साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहिलेलं असतं आणि ते बदलता येतं, म्हणून नावाकडे बघायचंच नाही. जीटीएस ४५० सारख्या पुराण्या चिपवर जीटीएक्स १०५० टीआयचं नाव चढवून विकलेली कार्डं इतकी झाली की २०१८मध्ये जीपीयू-झेडला अशी बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखून तसा शिक्का दाखवायची सोय करावी लागली. स्क्रीनशॉटही दुसऱ्याच कार्डाचा असू शकतो. त्यामुळे शक्य तिथे समोर उभं राहून, आपल्या डोळ्यांदेखत कार्ड लावून बघावं, मग ते मुंबईतलं लॅमिंग्टन रोडचं मार्केट असो की आपल्या गावातलं रिपेअरिंगचं दुकान. नुसत्या कुरिअरवर पैसे सोडू नयेत.

३ जीबीच्या १०६०बद्दलचं वाक्य याच जातीचं आहे, फक्त कंपनी दुसरी. १०६०, ६ जीबी जुलै २०१६मध्ये आलं तेव्हा त्यात १२८० कुडा कोअर (एनव्हिडियाचे स्ट्रीम प्रोसेसरच म्हणा) होते. महिनाभराने आलेल्या ३ जीबीच्या कार्डात ११५२. चिप तीच, पण तिचा एक तुकडा बंद केलेला, आणि नाव मात्र तेच ठेवलं. फक्त मेमरीचा फरक असता तर वेगळी गोष्ट होती. शिवाय आज ३ जीबीवर नवा गेम लावला की टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) मावत नाहीत, खेळ दर काही सेकंदांनी अडकतो. ३ जीबीचं १०६० मी फुकट मिळालं तरच लावेन.

आता तीस टक्क्यांचं. इथे मला थोडं मान्य करावं लागेल. डायरेक्टएक्स १२ आणि वल्कन या, गेम आणि कार्ड यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर पोलारिस कार्डं खरोखर चांगली चालतात. २०१६च्या जुलैत डूम या गेमला वल्कनचा पर्याय आला तेव्हा एएमडीच्या कार्डांचे फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) एकदम वाढले होते, आणि पुढच्या काही वर्षांत नव्या गेमांमध्ये खरं ५८० हळूहळू १०६०च्या पुढे सरकत गेलं. ८ जीबीचाही उपयोग होतो, टेक्स्चर एक पायरी वर ठेवता येतात. एवढं खरं. पण म्हणून जीबी जास्त म्हणजे वेग जास्त हे गणित चुकीचंच. मेमरी म्हणजे ओट्याची लांबी. ओटा लांब असला म्हणून एकटी आई दुप्पट पोळ्या लाटत नाही. जागा कमी पडली तरच तिचं काम अडतं. गेमला ४ जीबी पुरत असतील तर उरलेले चार रिकामे बसतात. डायरेक्टएक्स ११चे जुने गेम, उदाहरणार्थ जीटीए ५, तिथे १०६०, ६ जीबी बरोबरीने चालतं, कधी पुढेही राहतं. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये दोन्ही कार्डं इतके फ्रेम देतात की अडतो तो प्रोसेसर. सगळीकडे तीस टक्के कुठून आले हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाच माहीत. आणि हा दावा २३०४वाल्या ५८०चाही धड टिकत नाही, २०४८वाल्याला तर तो लावायचाच नाही.

भाच्याला खेळता खेळता रेकॉर्डिंगही करायचं असतं. त्यासाठी १०६०चा एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ रेकॉर्ड करणारा भाग, एएमडीच्या त्या पिढीपेक्षा बरा आहे. फॉरवर्डमध्ये याचा उल्लेखही नाही.

मायनिंगबद्दल. इथेरियम या क्रिप्टो-चलनाचं कार्डांवरचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ला थांबलं आणि ढीगभर कार्डं बाजारात ओतली गेली. मायनिंगवालं कार्ड मेलंच समजा, असं मी म्हणत नाही. तापमान सारखं वर-खाली होत नाही हा मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर आहे, आणि बरेच मायनर कोअरचं व्होल्टेज कमी ठेवत. पण ते मेमरीला मात्र रात्रंदिवस ताणत. पंखे वर्षानुवर्षं बंद झालेले नसतात, पेस्ट सुकलेली असते, थर्मल पॅडमधून तेल सुटलेलं असतं. अशी कार्डं मी मित्राच्या दुकानात स्वतः उघडली आहेत, बोटांना चिकटणारं ते तेल विसरता येत नाही. शिवाय मायनिंगसाठी बायॉसमधले मेमरीचे टायमिंग बदललेले असतात. असं पोलारिस कार्ड घरी आणून साधा ड्रायव्हर टाकला की तो ते कार्ड चालूच करत नाही, किंवा विकणाऱ्याने तिथे काहीतरी पॅच मारून दिलेला असतो आणि विंडोज नव्याने टाकल्यावर सगळं उघडं पडतं. म्हणून टेस्टिंग वॉरंटी लेखी घ्या आणि पहिल्याच दिवशी विंडोज नव्याने टाकून तासभर एखादा जड गेम चालवा.

सपोर्टचा मुद्दा चार ओळींत संपतो, कारण तो सरळ उलटा सांगितलाय. एएमडीने २०२३च्या शेवटाला पोलारिस आणि व्हेगा या जुन्या पिढ्यांच्या कार्डांचे ड्रायव्हर मुख्य रांगेतून काढून वेगळे केले. तेव्हापासून त्यांना फक्त गरजेपुरते अपडेट मिळतात. एनव्हिडियाने १०६०च्या पिढीला गेम रेडी (नव्या गेमांसाठीचे) ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५पर्यंत दिले आणि सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८पर्यंत देऊ असं जाहीर केलं. म्हणजे ५८० दोन वर्षं आधीच बाजूला बसलं होतं. रे ट्रेसिंगची (खऱ्यासारखा प्रकाश दाखवण्याची) सोय दोघांच्याही हार्डवेअरमध्ये नाही, त्यामुळे मे २०२५मध्ये आलेला डूम: द डार्क एजेस दोन्हींवर चालत नाही. असे गेम वाढत जाणार. हे दोन्ही बाजूंनी सांगायला हवं होतं.

एसएमपीएसचं वाक्य मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातात आणि या चुकीने जाळ होऊ शकतो.

१०६०चा खर्च १२० वॅट, ५८०चा १८५. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट घ्यायचे असा नियम. सहा पिनांच्या कनेक्टरमधून आणखी ७५, आठ पिनांच्या कनेक्टरमधून १५०. स्लॉट किती नाजूक आहे हे एएमडीनेच दाखवून दिलंय: २०१६च्या जूनमध्ये आलेलं आरएक्स ४८० स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त ओढतंय हे तपासणाऱ्यांनी मोजून दाखवलं आणि कंपनीला जुलैमध्ये ड्रायव्हर काढून ते सावरावं लागलं. ५८०ने स्लॉटमधून पूर्ण ७५ घेतले असं धरलं तरी ११० वॅट त्या वरच्या कनेक्टरमधून जायलाच हवेत.

आता तो शंभर रुपयांचा कन्व्हर्टर. एका बाजूला हार्डडिस्कचा साटा कनेक्टर, दुसऱ्या बाजूला आठ पिना. साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. तीन गुणिले दीड गुणिले बारा, म्हणजे ५४ वॅट. ज्या जागी ५४ वॅटची सोय आहे तिथून हा माणूस ११० ओढायला सांगतोय, तेही तासन् तास, बंद कॅबिनेटमध्ये, मे महिन्यात. वितळून तपकिरी झालेला असा कनेक्टर मी हातात धरलाय. ते पीसी एका अकरावीतल्या मुलीचं होतं. आईला जळका वास आला म्हणून तिने मेन स्विच बंद केला. ज्याने हे वाक्य लिहून शेकडो ग्रुपवर सोडलं त्याने एकदा तरी तो कनेक्टर बघायला हवा होता.

कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसवर '४५० वॅट' छापलेलं असतं, त्याला अर्थ नाही. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टसमोरचे अँपिअर बघा आणि बाराने गुणा. १६ अँपिअर असतील तर १९२ वॅट, आणि त्यातच प्रोसेसरही भागवायचा. एएमडी ५८०साठी ५०० वॅटचा एसएमपीएस सुचवते, एनव्हिडिया १०६०साठी ४००चा, आणि दोघीही चांगल्या एसएमपीएसबद्दल बोलत असतात.

विजेच्या बिलाचंही सांगून टाकतो. ६५ वॅटचा फरक, रोज चार तास खेळ, तर वर्षाला साधारण ९५ युनिट. फार मोठी रक्कम नाही, पण दोन कार्डांच्या भावात सात-आठशेचा फरक असेल तर तो वर्षभरात इथे भरून निघतो.

भाच्याने विचारलं, मग घेऊ काय? चांगला एसएमपीएस घरात असेल आणि शेडर्स २३०४ दिसत असतील तर ५८०, ८ जीबी. सहाच पिनांचा, लहान पण बऱ्या कंपनीचा एसएमपीएस असेल तर १०६०, ६ जीबी, १२८० कोअर बघून. मग त्याला कॅबिनेटचं झाकण काढून स्टिकरचा फोटो पाठवायला लावला. १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर. साडेसात हजार अजून त्याच्याच खात्यात आहेत आणि येत्या शनिवारी आम्ही दोघं आधी एसएमपीएस आणायला जातोय.