स्टार आणि अ‍ॅट एकच नाहीत

ठाण्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परीक्षेच्या तोंडावर एक मेसेज फिरतोय: ‘नम्पायमध्ये गुणायला * पुरतो. @ म्हणजे तेच, नुसतं नवं चिन्ह. चुकलंच तर पायथन एरर देतो. अगदीच अडलं तर मॅट्रिक्स क्लास वापरा.’ नम्पाय म्हणजे पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी; तिची प्रॅक्टिकल्स मी घेते. हे वाचून गप्प बसवत नाही.

‘तेच’ कसं? एका मॅट्रिक्सच्या, म्हणजे आकड्यांच्या तक्त्याच्या, ओळी १ २ आणि ३ ४, दुसऱ्याच्या ५ ६ आणि ७ ८ घ्या. स्टारने जागच्या जागी गुणाकार होतो: ५ १२, २१ ३२. अ‍ॅटने ओळ गुणिले स्तंभ, बारावीतला: १९ २२, ४३ ५०.

नवं म्हणाल, तर अ‍ॅट २०१५ साली पायथन ३.५ मध्ये आला. त्याआधी लांब सूत्रं डॉट या फंक्शनच्या कंसात कंस घालून लिहावी लागत.

‘एरर देतो’ हे सगळ्यात घातक. गेल्या सत्रात एका मुलीने घोडबंदर रोडच्या ६० फ्लॅटांचं भाडं क्षेत्रफळावरून लीस्ट स्क्वेअर्सने (फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणाऱ्या समीकरणाने) काढलं. खरं भाडं वजा अंदाज या फरकाचा स्टेशनच्या अंतराशी संबंध आहे का, हे बघायला तिने दोन्ही स्टारने गुणून बेरीज घेतली. उत्तर जवळजवळ शून्य. “मॅडम, स्टेशन लांब असलं तरी भाड्याला फरक पडत नाही.” ठाण्यात राहणाऱ्या कुणाला हे पटेल?

आम्ही शेप, म्हणजे कशात किती ओळी आणि किती स्तंभ, छापून पाहिले. अंतरं ६० आकड्यांची साधी रांग, फरक मात्र ६० ओळी आणि १ स्तंभ. स्टारने दोन्ही ताणून ६० बाय ६० चा तक्ता केला होता. ३,६०० आकडे, प्रत्येक अंतर प्रत्येक फ्लॅटच्या फरकाशी गुणलेलं! अशा तक्त्याची बेरीज म्हणजे दोन बेरजांचा गुणाकार, आणि समीकरणात स्थिर पद (क्षेत्रफळाने न गुणलेला आकडा) असलं की फरकांची बेरीज शून्यच असते. अंतराऐवजी फ्लॅटचे नंबर टाकले असते तरी शून्यच आलं असतं. एरर नाही, साधी वॉर्निंगही नाही. अ‍ॅटने, अंतर आधी लिहून, नीट ऋण उत्तर आलं: लांबचं घर, कमी भाडं. उलट क्रमाने लिहिल्यावर अ‍ॅटने लगेच एरर दिला.

राहिला मॅट्रिक्स क्लास, म्हणजे नम्पायमधला मॅट्रिक्ससाठीचा वेगळा प्रकार. त्यात स्टार म्हणजे मॅट्रिक्स गुणाकार, हे खरं. पण तो वापरू नका असं नम्पायचं डॉक्युमेंटेशनच सांगतं. एकाच प्रोग्रॅममध्ये नम्पायच्या नेहमीच्या तक्त्याचा, म्हणजे अ‍ॅरेचा स्टार वेगळा आणि मॅट्रिक्सचा वेगळा झाला, की फंक्शनच्या आत लिहिलेला स्टार काय करणार हे नुसतं वाचून कळत नाही.