‘टाकी जितकी लहान तितकी सोपी’: प्रवाळटाकीविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

खाऱ्या पाण्याची छोटी प्रवाळटाकी लावू पाहणाऱ्या नवख्यांसाठी लिहिलेला एक संदेश सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: प्रवाळटाकी अवघड असते ही उगाच पसरवलेली भीती आहे, २०-३० लिटरची टाकी घ्यावी, कारण ती जितकी लहान तितकी सांभाळायला सोपी, नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून त्यात समुद्रमीठ विरघळवावे, जिवंत खडक (जिवाणू आणि इतर जिवांची वस्ती असलेला समुद्रातला सच्छिद्र खडक) ठेवला की बाकी काही लागत नाही, आठवडाभरात पाणी नितळ दिसले की क्लाउनफिशची जोडी आणि समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोनी हा फुलासारखा दिसणारा प्राणी) सोडावे, पाणी आटले की खारे पाणी वरून भरावे, तपासण्यांच्या भानगडीत पडू नये, आणि खडकावर नको ते जीव दिसलेच तर खडक उकळून घ्यावा.

यातली एक-दोन विधाने अर्धी खरी आहेत आणि म्हणूनच संदेश पटकन पटतो. माझी स्वतःची टाकी ३० लिटरचीच आहे, त्यामुळे लहान टाकी लावूच नये असे मी म्हणणार नाही. लहान टाकीत कामे कमी असतात हे खरे. पण चूक झाल्यापासून ती अंगाशी येईपर्यंतचा वेळही कमी असतो, आणि संदेशातली जवळजवळ प्रत्येक सूचना तो वेळ आणखी घटवते.

‘लहान म्हणून सोपी’ हा सगळ्याचा पाया आहे, म्हणून त्याचे गणित आधी पाहू. ३० लिटरची म्हणून घेतलेल्या टाकीत वाळू आणि खडक घातल्यावर २५ लिटरच्या आसपास पाणी मावते. एखादी गोगलगाय खडकामागे मरून पडली, तर तिच्यातून सुटणारा विषारी अमोनिया या २५ लिटरमध्ये मिसळतो. तीच गोगलगाय १५० लिटर पाण्यात मेली असती तर अमोनियाचे प्रमाण एक षष्ठांश राहिले असते. चिमूटभर जास्त पडलेले खाद्य आणि मोजण्यात चुकलेले औषध यांनाही हाच हिशेब लागू होतो. हीटर चालू अवस्थेत अडकला, तर ५० वॅटचा हीटर २५ लिटर पाणी, बाहेर उष्णता जात नाही असे धरल्यास, तासाला पावणेदोन अंशांनी तापवतो. प्रवाळांना मानवणारे तापमान २५-२६ अंशांच्या आसपास असते, म्हणजे रात्री निजताना ठीक असलेली टाकी सकाळी हाताबाहेर गेलेली असू शकते.

मात्र बाष्पीभवनाच्या बाबतीत लहान टाकीवर जितके खापर फोडले जाते तितके ती पात्र नाही, हेही सांगायला हवे. समजा, पाण्याची पातळी रोज ३ मिलिमीटरने उतरते. ३० सेंटिमीटर लांब-रुंद टाकीत हे २७० मिलिलिटर होतात, म्हणजे पाण्याच्या एक टक्क्याहून किंचित जास्त. १०० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ५० उंच अशा २०० लिटरच्या टाकीतून रोज १.२ लिटर पाणी उडते. पण तिच्यातल्या पाण्याच्या मानाने ते पाऊण टक्क्याच्या आतबाहेर असते. फरक आहे, पण आकाशपाताळाचा नाही. खरी अडचण पाणी उडण्यात नसून उडालेले पाणी कशाने भरून काढले यात आहे, आणि तिथे संदेश अगदी उलटी वाट दाखवतो.

‘पाणी आटले की खारे पाणी भरावे.’ पाणी उडते तेव्हा फक्त पाणी उडते, क्षार सगळे मागेच राहतात. टाकीच्या कडेला साचणारा पांढरा थर हा शिंतोड्यांचा असतो, वाफेचा नव्हे. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात. रोज २७० मिलिलिटर खारे पाणी भरले तर रोज साडेनऊ ग्रॅम क्षारांची भर पडते, आणि दहा दिवसांत २५ लिटरच्या टाकीची क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ वर जाते. मासे काही काळ तग धरतील. कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना हा बदल सोसत नाही. आटलेले पाणी गोड्या, शुद्ध पाण्यानेच भरायचे असते; खारे पाणी तयार करायचे ते पाणी बदलण्यासाठी. काचेवर पातळीची एक रेघ मारून रोज सकाळी तिथपर्यंत गोडे पाणी भरणे, यापलीकडे त्यात काही कौशल्य नाही.

हे गोडे पाणी नळाचे का चालत नाही, याचे उत्तरही याच हिशेबात दडलेले आहे. उघडे ठेवल्याने क्लोरीन बरेचसे उडून जाते, पण अनेक ठिकाणी त्याऐवजी वापरले जाणारे क्लोरामाइन इतक्या सहज जात नाही. आणि फॉस्फेट, सिलिकेट किंवा नळांतून येणारे तांबे यांपैकी काहीच उडत नाही. रोजचे २७० मिलिलिटर म्हणजे तीन महिन्यांत सुमारे २५ लिटर, म्हणजे संपूर्ण टाकीभर नळाच्या पाण्यात जे जे होते ते सगळे टाकीत साठून राहते. पुढे शैवाल आवरत नाही म्हणून खटपट करणाऱ्या नवख्याला वाटते की दिवा चुकला किंवा खाद्य जास्त पडले. दोष बहुधा बादलीत असतो. आरओ आणि त्यापुढे डीआयोनायझेशनच्या (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या) टप्प्यातून काढलेले, टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले पदार्थ मोजणाऱ्या मीटरवर, शून्य दाखवणारे पाणी वापरावे. खाण्याच्या मिठाने ‘समुद्राचे पाणी’ करण्याचा सल्ला या संदेशात नाही, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे.

‘आठवडाभरात पाणी नितळ झाले की टाकी तयार.’ संदेशातले सर्वांत घातक वाक्य मला हे वाटते, कारण ते दिसायला सर्वांत निरुपद्रवी आहे. पाणी गढूळ दिसते ते बहुतेक वाळूच्या बारीक कणांमुळे, आणि ते खाली बसले की पाणी निवळते. अमोनिया मात्र डोळ्यांना दिसतच नाही. माशांच्या उत्सर्जनातून आणि कुजणाऱ्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचे एक प्रकारचे जिवाणू नायट्राइटमध्ये आणि त्या नायट्राइटचे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू सावकाश वाढतात. त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि बाटलीतले जिवाणू घातल्यास हा काळ कमी होऊ शकतो.

गोड्या पाण्यातल्या माशांचा अनुभव असलेले लोक इथे हमखास फसतात. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यांतले एकच रूप फार विषारी असते. पीएच जितका जास्त, तितका त्या रूपाचा वाटा मोठा. ७ पीएचच्या गोड्या पाण्यात जेवढा अमोनिया मासा निभावून नेतो, तेवढाच अमोनिया ८.२ पीएचच्या समुद्रपाण्यात सुमारे दहापट विषारी ठरतो. त्यातच समुद्राच्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो: २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. उलट नायट्राइटचा धाक खाऱ्या पाण्यातल्या माशांना बराच कमी असतो, कारण पाण्यातले क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरण्यास अडवते.

टाकी तयार झाली हे ओळखायचे असेल तर मासा न सोडता पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅम होईल इतका अमोनिया घालावा आणि २४ तासांनी तपासावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले तर जिवाणू कामाला लागले आहेत. याच काळात वाळूवर आणि काचेवर तपकिरी साय धरते. ती डायटम या सूक्ष्म शैवालाची असते, नव्या टाकीत जवळपास सर्वत्र येते आणि बहुधा आपोआप ओसरते. ती पाहून टाकी उपसून धुणाऱ्यांनी आपलेच दोन-तीन आठवडे वाया घालवलेले मी पाहिले आहेत.

‘जिवंत खडक ठेवला की बाकी काही लागत नाही’ या विधानामागे मात्र खरा इतिहास आहे. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत जगासमोर मांडली: जिवंत खडक, समुद्राचे नैसर्गिक पाणी आणि हवेचे बारीक बुडबुडे, एवढ्यावर त्यांच्या टाक्या चालत. आजच्या प्रवाळटाकीचा वंशवृक्ष तिथपर्यंत पोहोचतो, आणि खडकाच्या छिद्रांत राहणारे जिवाणू हाच मुख्य फिल्टर असतो हे आजही तितकेच खरे आहे. पण एंग यांना ताजा खडक आणि ताजे समुद्रपाणी दोन्ही मिळत होते. आज नवख्याच्या हाती येणारा खडक पुष्कळदा कोरडा असतो. त्याचा आकार, त्याची छिद्रे सगळे जिवंत खडकासारखे असते, फक्त जीव नसतो. खराखुरा जिवंत खडक मिळाला तरी प्रवासात त्याच्यावरचे काही स्पंज आणि कृमी मरतात व टाकीत कुजतात. वाटेत खूप उघडा राहिलेला खडक बादलीतून उचलला की कुजलेल्या अंड्यासारखा दर्प येतो, आणि तो दर्प असेपर्यंत खडक टाकीत घालायचा नसतो.

प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली सेंद्रिय घाण काढणारे यंत्र) नसला तरी लहान टाकीत निभते, हे मान्य. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले तर तेच काम बऱ्याच अंशी होते. पण पाणी हलते ठेवणारा पंप लागतोच, कारण प्रवाळ जागचे हलत नाहीत. त्यांच्यापर्यंत प्राणवायू आणि अन्न पोहोचवणे व त्यांच्या अंगावरचा कचरा झटकणे हे काम प्रवाहच करतो.

आता क्लाउनफिश आणि समुद्रफूल. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवूनच बहुतेक जण या छंदात येतात, म्हणून त्याला हात लावणे जिवावर येते. ऑसेलारिस जातीची मादी पूर्ण वाढल्यावर दहा सेंटिमीटरच्या घरात जाते आणि ३० सेंटिमीटर रुंदीच्या पेटीत तिला वळायलाही अवघड होते. बुडबुड्यासारख्या टोकांचे समुद्रफूल, जे त्यातल्या त्यात सोपे मानले जाते, तेही ३० सेंटिमीटरपर्यंत पसरू शकते, म्हणजे ते एकटेच टाकी भरून टाकील. त्याला प्रखर प्रकाश आणि काही महिने जुनी, स्थिरावलेली टाकी लागते. जागा पसंत पडली नाही तर ते चालू लागते, पंपाच्या तोंडाशी ओढले जाऊन फाटते आणि कुजताना बाकीच्यांनाही घेऊन जाते. क्लाउनफिश समुद्रफुलाविना टाकीत सुखाने राहतो. माझे मत विचाराल तर २५ लिटर पाण्यात पहिले सहा महिने मासाच नसावा: मऊ प्रवाळ, दोन-तीन गोगलगायी आणि एखादी कोळंबी. मासा नसलेली टाकी ओकीबोकी वाटेल असे म्हणणाऱ्याने रात्री दिवे मालवल्यावर टॉर्च मारून खडकाकडे पाहावे. दिवसा न दिसणारे केसाळ कृमी, पिसवेएवढे कोपेपॉड (कोळंबीच्या कुळातले सूक्ष्म जीव), काचेवर सरकणाऱ्या इवल्या गोगलगायी यांची तिथे वर्दळ असते.

‘तपासण्यांच्या भानगडीत पडू नये’ यातही अर्धे सत्य आहे. मश्रूम, झोअँथिड यांसारखे मऊ प्रवाळ ठेवून नियमाने पाणी बदलणाऱ्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम रोज मोजत बसण्याचे कारण नाही. कठीण सांगाडा बांधणारे प्रवाळ आले की गोष्ट बदलते, कारण ते पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेट) उचलतात. समुद्रात कॅल्शियम लिटरला ४१० मिलिग्रॅमच्या आसपास आणि अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या (अल्कलिनिटीचे एकक) आसपास असते. लहान टाकीत अल्कलिनिटी आधी घसरते, म्हणून ती आठवड्याला तपासावी. क्षारता मात्र पहिल्या दिवसापासून सर्वांनी मोजायची असते, आणि ज्याने मोजायची ते साधनही तपासून घ्यायचे असते. मी काटा फिरणारा हायड्रोमीटर वापरत असे. तो पाण्याची सापेक्ष घनता १.०२५, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या जवळपास, दाखवी आणि मी निश्चिंत असे; मश्रूम प्रवाळ मात्र दिवसेंदिवस आकसत चालले होते. शेवटी रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता मोजणारे साधन) आणून ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घेतला, तेव्हा पाणी १.०२१ निघाले. हायड्रोमीटरच्या काट्याला चिकटलेले हवेचे बारीक बुडबुडे काटा वर उचलत होते. टिचकी मारून ते झटकायचे असतात हे मला दोन महिने कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

राहिला खडक उकळण्याचा सल्ला. संदेशात इतरत्र धोका प्राण्यांना आहे, इथे तो माणसाला आहे. झोअँथिड आणि विशेषतः पॅलिथोआ या प्रवाळांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते, जे ज्ञात नैसर्गिक विषांतल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक आहे. ते उष्णतेने सहजासहजी नष्ट होत नाही; असे प्रवाळ असलेला खडक उकळल्याने किंवा गरम पाण्याखाली घासल्याने उठणारी वाफ आणि तुषार श्वासावाटे आत जाऊन घरातली माणसे रुग्णालयात गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. असे प्रवाळ कापताना किंवा खरवडताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि हाताला जखम असेल तर ते काम त्या दिवशी करू नये. नको असलेले जीव काढायचे असतील तर खडक खाऱ्या पाण्याच्या वेगळ्या बादलीत हीटर आणि लहान पंपासह काही आठवडे ठेवावा, रात्री टॉर्चच्या उजेडात बाहेर येणारा जीव लांब चिमट्याने उचलावा, आणि ज्या केसाळ कृमींची बहुतेकांना किळस येते ते उरलेसुरले खाद्य व मेलेली गोगलगाय फस्त करणारे असल्याने त्यांना शक्यतो तिथेच राहू द्यावे.