‘जादा प्रोटीन, तल्लख मेंदू’ हा संदेश पुढे पाठवू नका

मालवण-देवगडच्या वाड्यांमधल्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. त्यात म्हटलंय: मेंदू चरबीचा असतो, ती चरबी अमिनो आम्लांनी, म्हणजे प्रोटीन ज्यांचं बनतं त्या घटकांनी, वाढते; म्हणून गरोदरपणात प्रोटीन पावडर भरपूर घ्या, बाळालाही द्या. जादा झालेलं लघवीवाटे जातं.

मेंदूत चरबी असते, एवढं खरं. मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टनात, कोरड्या वजनाच्या हिशेबाने, 70 टक्क्यांहून जास्त स्निग्ध पदार्थ असतात. पण त्यासाठी लागणारं कोलेस्टेरॉल मेंदू स्वतःच तयार करतो आणि अमिनो आम्लांचा साठा वाढवून ते काम वेगाने होत नाही. उलट कधी कधी अडतं.

‘लघवीवाटे जातं’ हे वाक्य तर घातकच आहे. 1934 साली नॉर्वेचे डॉक्टर आस्ब्यॉर्न फॉलिंग यांना बौद्धिक वाढ खुंटलेल्या दोन भावंडांच्या लघवीतच फिनाइलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लापासून बनलेला पदार्थ सापडला. म्हणजे लघवीतून जात होतं, तरी मेंदूची हानी झालीच होती! या आजाराला फिनाइलकीटोन्युरिया म्हणतात. फिनाइलअ‍ॅलनिन मोडणारं यकृतातलं एन्झाइम जन्मतःच निकामी असतं. मग रक्तात डेसीलिटरमागे साधारण 1 मिलिग्रॅम असणारं हे आम्ल 20 च्या वर जातं. टायरोसिन, ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लांनाही मेंदूत न्यायला तेच वाहक असतात. दाभोळची फेरीबोट एकाच गावच्या वऱ्हाडाने भरावी तसे ते फिनाइलअ‍ॅलनिननेच भरून जातात आणि बाकीचे धक्क्यावरच राहतात. शिवाय कोलेस्टेरॉल घडवणारं मुख्य एन्झाइमही मंदावतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मायलिन नीट बनत नाही.

आजार दुर्मीळ आहे, हे मान्य. पण निरोगी गरोदर बाईलाही पावडरचा मारा नकोच. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्येच गरोदरपणात अतिप्रथिनयुक्त पूरक आहाराची शिफारस नाकारली. कुपोषित भागांत सल्ला आहे तो ऊर्जा आणि प्रथिनं यांचा तोल राखणाऱ्या आहाराचा. आपली पेज, कुळथाची पिठी, बांगडा, तारली यांना कोणी नावं ठेवू नयेत. तारलीतलं डीएचए हे स्निग्धाम्ल मेंदूला खरंच हवं असतं. आणि बाळाला? आईच्या दुधात 100 मिलिलिटरला जेमतेम 1 ग्रॅम प्रथिन असतं, गाईच्या दुधात तिप्पट. वेगाने वाढणाऱ्या मेंदूला तेवढं पुरतं.

शेवटचा दावा: ‘बाळ गुटगुटीत असेल तर तपासण्या कशाला?’ फिनाइलकीटोन्युरियाचं बाळ जन्मताना अगदी छान दिसतं, हानी पुढच्या काही महिन्यांत होते. पहिल्या काही दिवसांतच निदान होऊन फिनाइलअ‍ॅलनिन मोजून देणारा आहार सुरू झाला, तर ती बहुतांशी टळते. बाळंतपण कणकवलीत होवो की रत्नागिरीत, टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन होणारी ही तपासणी कुठे होते, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.