मुदतवाढ कशी घ्यावी

समजा, तुम्ही पेशी आहात. कामसू, गरीब, वेळेवर मरणारी. काय मिळालं आजवर? सांगलीत कुत्र्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, तुमच्या दहाव्याला कावळासुद्धा फिरकत नाही. तेव्हा हा भिडस्तपणा सोडा, कर्करोगाची पेशी बना आणि आमच्या विकास सोसायटीच्या चेअरमन तात्यांचे शिष्य व्हा. तात्यांच्या खुर्चीचं कापड चारदा बदललं, खुर्चीतला माणूस नाही.

सुरुवात बांधापासून. सभ्य पेशी शेजारणीचं अंग लागलं की विभाजन आवरतं घेते. तात्यांचा ट्रॅक्टर बांधाला लागला की फाळ वीतभर पलीकडे सरकतो. दरसाल एवढंच. शेजारी मोजणी आणेपर्यंत उसाची एक सरी जास्त आलेली असते. पसारा वाढला की रक्ताच्या नव्या वाहिन्याही ओढून घ्या. तात्यांनी कृष्णेतून पाइपलाइन आणली तेव्हा कुणाला विचारलं होतं?

खरी अडचण ऑडिटरची. त्याचं नाव पी-५३, पेशीतलंच एक प्रथिन. डीएनएच्या दप्तरात खाडाखोड दिसली की हा विभाजन रोखतो. आधी दुरुस्त करा म्हणतो, आणि दुरुस्तीपलीकडचं असेल तर थेट मरणाची शिफारस. लाच खात नाही, एवढाच काय तो दोष. पण त्याच्याच जनुकात बिघाड केला की काम होतं. माणसाच्या साधारण निम्म्या कर्करोगांनी हीच वाट धरली आहे. हत्तीच्या नादी मात्र लागू नका. त्याच्याकडे या जनुकाच्या वीसेक प्रती आहेत. एका ऑडिटरला शेतावर बोकड कापून जेवू घातलं तरी एकोणीस बाहेर उभे!

शिफारस लागू झाली की मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातून, सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर पडतं आणि कॅस्पेज नावाच्या कात्र्या चालू होतात. पेशी आक्रसते, आपल्याच डीएनएचे तुकडे करते, स्वतःची बारकी बारकी गाठोडी बांधते आणि शेजारच्या पेशी ती खाऊन टाकतात. सूज नाही, आरडाओरडा नाही. केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी १९७२ साली या प्रकाराला अपॉप्टोसिस म्हटलं; मूळ ग्रीक शब्द पानगळीचा. असं गुपचूप जाणं कुणाला शोभतं? शाल नाही, श्रीफळ नाही, चार माणसांची भाषणं नाहीत. गर्भात बोटांच्या मधल्या पेशी अशाच गेल्या, भोळ्या. त्या अडून बसल्या असत्या तर तात्यांच्या हाताचं बदकाचं पाऊल झालं असतं आणि भडंगाचा बकाणा भरायची पंचाईत. तुम्ही आपला बीसीएल-२ या प्रथिनाचा वॉचमन दारावर जादा ठेवा. तो सायटोक्रोमला बाहेर पडूच देत नाही.

राहता राहिली मुदत. हेफ्लिक या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये दाखवलं की माणसाची साधी पेशी पन्नासेक वेळा विभागून थांबते. दर विभाजनाला गुणसूत्रांची टोकं झिजतात. तिथे टेलोमरेज हे एन्झाइम लावा, झीज भरून येते. आमच्याकडे याला ‘निवडणूक पुढे ढकलली’ म्हणतात.

एवढं जमलं की अमरत्व. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या कर्करोगाच्या गाठीतून काढलेल्या हेला पेशी अजून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत. बाई मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरात गेल्या.

हे तात्यांना सांगितलं. त्यांनी भडंगातला शेंगदाणा निवडून तोंडात टाकला.

“म्हंजी, संस्था बुडली तरी चेअरमन ऱ्हातोयच की!”